एका ताटातला गोवर

आमच्या आईला गोवर दुरून ओळखता यायचा. मूल जिन्यात उभं आणि आई दारात, एवढ्या अंतरावरून. ताप-सर्दी कुणालाही कळते. ती डोळे बघायची. गोवर येऊ घातला की डोळे लाल होतात, पाणावतात, आणि मूल उजेडाकडे तोंड करायला कुरकुरतं. मग ती त्याला खिडकीशी नेऊन आ करायला लावायची, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला सारायची आणि आत रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की म्हणायची, "उद्या-परवा कानामागून पुरळ सुरू होईल, मग चेहरा, मग पोट. घाबरू नका." आणि होतही तसंच. कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला, सगळ्यांच्या चाली तिला ठाऊक होत्या. कांजिणीचा फोड पाण्याने भरलेला असतो आणि आधी पोटापाठीवर येतो. घामोळं बोटाखाली खरखरतं. डांग्या खोकल्यातलं मूल खोकून झाल्यावर श्वास ओढताना जो आवाज करतं तो एकदा ऐकला की विसरता येत नाही. हे ती कुठे शिकली नव्हती. भावंडांच्या मोठ्या घरात थोरली म्हणून वाढली होती, एवढंच.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा एका मंत्रालयात नोकरीला. जवळ डिस्पेन्सरी होती, पण तिथली रांग बघून लोक आधी आईकडे येत. बंगाली, तमिळ, गढवाली, कुणीही. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी "माता निकली है" म्हणून दाराला कडुनिंबाची डहाळी बांधायच्या, घरात फोडणी बंद करायच्या, आणि तरी हळूच वर येऊन विचारायच्या, "बहनजी, ये छोटी वाली है ना?" म्हणजे मोठ्या देवी नाहीत ना. आईचा रुबाब त्या दिवसांत बघण्यासारखा असायचा. आम्ही तिला चिडवायचो की सरकारने क्वार्टर बाबांना कशाला दिलं, तुलाच द्यायचं. ती खोटं रागवायची आणि मनातून खूश व्हायची. तिचा तो खुशीतला चेहरा मला अजून दिसतो, आणि दिसला की वाईट वाटतं. त्या चेहऱ्याची बाई मला पुढे फार थोडी वर्षं मिळाली.

समोरच्या दारात काकू राहायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती. काका रेल्वेच्या ऑफिसात. दोन्ही दारं एकमेकांकडे तोंड करून, आणि सकाळी उघडली की थेट झोपायच्या वेळी बंद व्हायची. आमच्या पुरणपोळ्या तिकडे, त्यांच्या नाताळच्या करंज्या इकडे. दिल्लीत मराठी माणूस मराठी माणसाला जरा जास्तच चिकटून राहतो. तिकडे गावात ज्यांच्या घरी आपण पाणी तरी प्यायलो असतो की नाही कोण जाणे, त्यांच्या स्वयंपाकघरात इथे आपलं बालपण जातं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. मग मी दुसरीत असताना, एकाच उन्हाळ्यात, आईला माझा धाकटा भाऊ झाला आणि काकूंना मुलगी. थंडीत दोघी गच्चीवर ऊन खात बसायच्या. दोन्ही बाळं एका सतरंजीवर.

आता त्या वेळची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्यासारख्या नोकरदार मराठी घरांचं सगळं वर्ष मे महिन्याभोवती फिरायचं. शाळेच्या सुट्ट्या, बाबांची रजा, गाडीचं रिझर्वेशन, गावाकडची लग्नं, सगळं कितीतरी आधी ठरलेलं. त्यात ऐन एप्रिलमध्ये एका मुलाला गोवर निघाला, आणि तो उठेपर्यंत दुसरं आडवं झालं, की सगळ्यावर पाणी. म्हणून थंडी सरता सरता वसाहतीतल्या एखाद्या घरी गोवर आला की आमच्यातल्या बायका मुद्दाम आपापली मुलं तिथे नेत. एका ताटात जेवायला बसवत, एका अंथरुणावर झोपवत. सगळ्यांना एकदमच होऊन जाऊ दे, मे मोकळा. गोवर कधीतरी व्हायचाच आणि एकदा झाला की पुन्हा होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आज मी हे कुणाला सांगितलं तर माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू आम्ही जंगलात राहत होतो. लस तेव्हा आमच्यापर्यंत आलेली नव्हती. रोग येणारच असेल तर आपल्या सोयीने बोलवावा, हे तेव्हा शहाणपणाचंच वाटायचं.

त्या फेब्रुवारीत काकूंच्या मुलाला गोवर निघाला. ओळखला अर्थातच आईने. काकू म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुमचं आमचं एकदमच उरकू. पाठवा पोराला." मी गेलो. माझ्या मित्राच्या ताटात बसून वरणभात जेवलो आणि मला भलतीच मजा वाटली, कारण शाळा बुडणार होती. थोड्या वेळाने आई धाकट्याला कडेवर घेऊन दारात आली.

"याला पण आणा ना आत," काकू म्हणाल्या. "माझी तर घरातच आहे, तिला होणारच. दोघं लहानपणीच सुटतील."

"आठ महिन्यांचा आहे हो," आई म्हणाली.

"मग काय झालं? अंगावर पितोय ना? हलका जाईल. तुम्हीच सांगता की सगळ्यांना."

ते खरंच आईचं वाक्य होतं. आई हसली, चप्पल काढली आणि आत आली. दोन्ही बाळांना शेजारी शेजारी बसवून काकूंनी त्याच ताटातला भात बोटाने मऊ करून दोघांना भरवला. एक घास हिला, एक घास त्याला. मी समोरच होतो.

झालंही आई म्हणायची तसंच. मला चांगलाच दणका बसला. अंधाऱ्या खोलीत पडून मनुकांचं पाणी पीत राहिलो. दोन्ही बाळांचं मात्र थोडक्यात निभावलं. जरा ताप, जरा पुरळ, चार दिवस चिडचिड. मे महिन्यात आम्ही सगळे गाडीत बसलो. पुढे कितीतरी वर्षं आई दुसऱ्या बायकांना धीर देताना धाकट्याचं उदाहरण द्यायची. "आमच्या याला तर आठव्या महिन्यात निघाला. हसत हसत उठला."

धाकटा मोठा गमत्या होता. भाजीवाला, कबाडी, ताक विकणारा, सगळ्यांच्या हुबेहूब हाका मारायचा, आणि खालच्या आंटी पिशवी घेऊन बाहेर आल्या की खिडकीखाली लपायचा. समोरची मुलगी त्याच्या पाठीला पाठ लावून वाढली. दोघं एका शाळेत, एका बसने जायची. भांडायचीही एकमेकांशीच.

आठ वर्षांचा असताना त्याचं अक्षर बिघडलं. आधी ओळी वाकड्या, मग अक्षरंच एकमेकांवर चढलेली. बाईंनी शेरा पाठवला की मुलगा लक्ष देत नाही. आईने त्याला धपाटा घातला. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. जेवताना घास तोंडाकडे जाता जाता हाताला एक झटका बसायचा आणि आमटी सांडायची. तो स्वतःच हसायचा, आम्हीही हसायचो. वाटायचं नवीन नक्कल आहे. मग जिन्यात पडला. मग झटका मानेला यायला लागला. मान खाली जायची आणि वर यायची, तेवढ्यापुरतं डोळ्यातलं माणूस निघून जायचं. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा. डिस्पेन्सरीत जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं. एवढ्या रोगांच्या चाली ओळखणारी माझी आई त्याच्यासमोर बसून राहायची आणि तिला काही म्हणजे काही ओळखता येत नव्हतं. मी तिला इतकी घाबरलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, पाठीतून पाणी काढलं. वयस्कर डॉक्टर होते, शांतपणे एकेक विचारत होते. मी चहाचा थर्मास धरून आईच्या खुर्चीमागे उभा होतो.

"बचपन में खसरा निकला था?"

"जी, निकला था," आई पटकन म्हणाली. निदान गोवराच्या या एका प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं.

"कितनी उम्र थी?"

"आठ महीने का था. बिल्कुल हल्का निकला था, डॉक्टर साहब. हँसते हँसते ठीक हो गया."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांनी आईकडे न बघता बाबांना बाहेर बोलावलं. बाबा आत आले तेव्हा त्यांनी आईला एवढंच सांगितलं की मेंदूला सूज आहे, औषध चालू करू. बाबांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांचे कान लाल व्हायचे. आईने ते कान पाहिले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण आली तेव्हा आईने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. मी सोबत होतो. आईने विचारलं, "मॅडम, बड़े डॉक्टर ने खसरे का क्यों पूछा?" ती पोर बिचारी नवी होती. तिने सगळं सांगितलं. गोवर बाहेरून बरा होतो, पण एखाद्या मुलाच्या मेंदूत तो तसाच दडून राहतो. वर्षानुवर्षं काही करत नाही. मग उठतो. फारच क्वचित होतं, पण ज्यांना अगदी तान्हेपणी गोवर झाला त्यांना धोका जास्त. यावर औषध नाही.

मला वाटलं आई आता कोसळेल. पण तिने दुसरा प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आयुष्यभर विसरलो नाही.

"उसी घर में, उसी दिन, उसी उमर की एक और बच्ची थी. उसको भी होगा?"

"ज़रूरी नहीं है. ज़्यादातर बच्चों को कुछ नहीं होता."

"पता कैसे चलेगा?"

"जैसे इसका चला," ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. "आप बस देखते रहिए."

परत येताना बसमध्ये आईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. "समोर यातलं एक अक्षर बोलायचं नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. त्यांच्या घरचा भात होता. त्या बाईने आपल्या हाताने भरवला. तिला हे कळलं तर ती जगेल का? आणि स्वतःची पोर रोज डोळ्यासमोर. उपाय नाही तर सांगून काय करायचं?" मी पंधरा वर्षांचा होतो. मी हो म्हटलं.

पुढच्या थंडीत धाकटा गेला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. शेवटी तो आम्हाला ओळखत नव्हता, आवाज निघत नव्हता, आणि तो झटका मात्र येतच होता. काकू रोज येऊन त्याचं अंग पुसायच्या, त्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायच्या. आई त्यांच्या शेजारी बसलेली असायची. कधीकधी काकू रडत विचारायच्या, "वहिनी, एवढ्याशा जिवाला हे आलं कुठून?" आणि आई म्हणायची, "काय माहीत."

त्यानंतर लोकांनी मुलं दाखवायला आणणं हळूहळू बंद केलं. आणलं तरी आई म्हणायची, डॉक्टरकडे जा, मला काही कळत नाही. तिची सगळी विद्या आता एकाच मुलीवर लागली होती.

समोरची मुलगी आमच्याकडे आली की आई तिच्या हातात काहीतरी द्यायचीच. काठोकाठ भरलेला पेला आतल्या खोलीत नेऊन ठेव. सुईत दोरा ओव. रांगोळीचे ठिपके काढ. नाताळच्या आधी करंज्यांना मुरड घालायला हिलाच बसवायची आणि स्वतः समोर बसून तिची बोटं बघायची. "अक्षर बघू तुझं," हे तर नेहमीचं. काकूंना कौतुक वाटायचं. स्वतःचा गेला म्हणून माझ्या मुलीवर जीव लावलाय बाईने, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. एकदा त्या मुलीच्या हातून आमच्याकडे काचेची बशी पडली. आईने लगेच दुसरी बशी दिली, "ही ने." ती नेली. मग तिसरी, मग पाणी भरून पेला. मुलगी रडायला लागली तेव्हा बाबांनी उठून आईच्या हातातला तांब्या काढून घेतला. त्या आठवड्यात आई धड जेवली नाही. गच्चीवर जाऊन वरून त्या मुलीचं दोरीवरच्या उड्या मारणं बघत बसायची.

मला वाटायचं, मुलगी अकराव्या वर्षात गेली, बाराव्यात गेली, की हे थांबेल. थांबलं नाही. त्या डॉक्टरणीने वर्षांची हद्द सांगितलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही बघायचो. आईकडून मलाही ते लागलं होतं. आजही कुठे लग्नात पंगतीत एखाद्या मुलाच्या हातून चमचा पडला की माझी मान त्या बाजूला आपोआप वळते आणि मी दुसऱ्यांदा पडतो का याची वाट बघतो. माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली त्या दिवशी आई सकाळी आंघोळ करून, तिला घेऊन, लसीच्या खोलीबाहेर दार उघडायच्या आधी जाऊन बसली होती. सुई टोचल्यावर मुलगी रडली आणि आईही रडली, आणि नर्स वैतागली.

पण ते नंतरचं. मधलं राहिलं.

समोरची ती मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. मला ती आवडत होती, हे इथे सरळच लिहितो. इतकी वर्षं तिची बोटं, चाल, मान बघता बघता मी कधी वेगळ्या नजरेने बघायला लागलो ते मलाच कळलं नाही. तिलाही मी आवडत होतो. ती हसून म्हणायची, तुमच्या घरात माझी परीक्षा लहानपणापासून चालू आहे, आता पास तरी करा. आमच्या दोन्ही घरांत धर्माचा प्रश्न कुणी काढला नसता. काकू तर उघडच खूश होत्या. मी आईला सांगितलं.

आई नाही म्हणाली.

मी भांडलो. बाबाही माझ्या बाजूने बोलले. "आता काही होत नाही गं, तेवीस वर्षांची झाली," ते म्हणाले. आई म्हणाली, "समोरच्या घरात आहे तोवर मला दार लावून घेता येतं. या घरात आली तर मी तिला उठता-बसता बघेन. एक दिवस ती विचारेल. ती मुलगी हुशार आहे, खोदून काढेल. मग तिच्या आईला कळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तिला काही झालं तर मला पुन्हा एकदा ते बघायचं नाहीये रे. तू काहीही म्हण. मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, आमच्या मुलीत काय कमी आहे?"

"काहीच नाही," आई म्हणाली.

"मग?"

मी आणि बाबा आत उभे. कुणालाच पुढे होता येत नव्हतं.

"धर्म आडवा आला का?" काकूंनी विचारलं. "एवढ्या वर्षांनी? माझ्या हातचं खाल्लंत, तुमचा मुलगा माझ्या मांडीवर गेला, आणि शेवटी तेच?"

आईने मान खाली घातली आणि म्हणाली, "तसंच समजा."

काकू मागे वळल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. भर सकाळी ते दार बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आई बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत उभी होती. आमच्या घरात कुणी देवाधर्माचं कर्मकांडसुद्धा धड करत नव्हतं, आणि माझ्या आईने स्वतःहून तो डाग लावून घेतला. मी त्या मुलीला भेटायला गेलो, तर तिने एकच वाक्य सांगितलं. "माझ्या आईला जिथे हे ऐकावं लागलं, त्या घरात मी येणार नाही." बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

काकांना काही महिन्यांत सरोजिनी नगरमध्ये क्वार्टर मिळालं. मागून घेतलं असणार. तरी आईचं बघणं सुटलं नाही. स्वस्त कपडे बघायच्या निमित्ताने ती तिकडे जायची आणि रिकाम्या पिशवीने परत यायची. त्या मुलीची बस यायची त्या स्टॉपच्या पलीकडे उभी राहायची म्हणे. ती उतरते, रस्ता ओलांडते, नीट चालते, एवढं बघायचं आणि परत. बाबांनी मला सांगितलं तेव्हा मी चिडलो. तिला म्हटलं, आता पुरे कर. ती म्हणाली, "बघून येते रे फक्त. मला बरं वाटतं." तिच्या तोंडावर बरं वाटल्याचं काही दिसायचं नाही.

पुढे त्या मुलीचं लग्न झालं, माझंही झालं. बाबा गेले. आई माझ्यासोबत गुरुग्रामला सोसायटीत राहायला आली, अकराव्या मजल्यावर. खाली खेळणारी मुलं तिथून ठिपक्यांएवढी दिसतात. ती तरी बाल्कनीत बसून बघायची. कुणी पडलं की उठून उभी राहायची. ते मूल उठून पळालं की बसायची. मागच्या वर्षी ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. लोक म्हणाले, भाग्यवान. मला तो शब्द ऐकून राग आला.

तेराव्यानंतर ती भेटायला आली, समोरच्यांची मुलगी. नोएडाहून, कॅबने. केस पिकायला लागलेले, चष्मा, दोन मुलं कॉलेजात. काकू तिच्याकडेच असतात, पण आता प्रवास झेपत नाही. बायको चहा ठेवायला आत गेली आणि ती आईच्या फोटोसमोर थोडा वेळ बसली.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नकोस. मला मावशींची भीती वाटायची. सगळे म्हणायचे, माझ्यावर जीव आहे त्यांचा. पण त्यांची नजर प्रेमाची नव्हती रे. मला वाटायचं, तो गेला आणि ही कशी राहिली, असं त्या बघतायत. मी कशी काय जगले याचाच त्यांना राग आहे असं वाटायचं. मग लग्नाच्या वेळी नाही म्हणाल्या, तेव्हा मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. नंतर बसस्टॉपपाशी उभ्या दिसायच्या. मला वाटायचं पश्चात्ताप झाला असेल. मी मुद्दाम न बघता जायचे."

आई आता नव्हती. बायको आत होती. आणि ही बाई आयुष्यभर असं समजून जगली होती की कुणाला तरी तिचं जिवंत असणं खुपतं. हे मला सहन झालं नाही. मी तिला सगळं सांगितलं. ते ताट, तो भात, हॉस्पिटलमधला कॉरिडॉर, आईचा दुसरा प्रश्न.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिने आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि बघत राहिली.

"मला आता होईल का?" तिने विचारलं.

"नाही. या वयात होत नाही म्हणतात."

"म्हणतात," ती म्हणाली. मग हात मिटून घेतले. "म्हणजे धर्म नव्हता."

"नव्हता."

"आई अजून बोलते त्याबद्दल. आज निघतानाही म्हणाली, चांगली होती बाई, पण शेवटी जात दाखवलीच." ती थांबली. मला दिसत होतं की तिचं डोकं भराभर चालतंय, आणि आईने जिथवर विचार करून ठेवला होता तिथवर ती माझ्यासमोर पोचतेय. घरी जाऊन ती आपल्या आईला सांगू शकत होती की मावशी तशा नव्हत्या. पण मग का नाही म्हणाल्या, हे सांगावं लागलं असतं. आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या त्या बाईला, आपल्या बोटाने मऊ केलेला घास आठवला असता.

तिने चष्मा काढून डोळे पुसले. "आईला नको कळायला," ती म्हणाली. "रागावली आहे ना, राहू दे रागावलेली. राग तिला सोसतोय. हे नाही सोसणार."

मी मान हलवली. चहा आला. आम्ही तिघं चहा प्यायलो, मुलांच्या कॉलेजचं बोललो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकू होत्या. थोडं बोलून तिने फोन माझ्यापुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

काकूंचा आवाज अजून तसाच, नगरी ठसक्याचा. त्या म्हणाल्या, "बाळा, आई गेली, फार वाईट झालं. आम्ही दोघींनी किती दिवस एकत्र काढले. तुझ्या भावाला मी माझ्या हाताने भरवलंय रे." मी हो म्हटलं. समोर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "एकच गोष्ट माझ्या मनातून गेली नाही," काकू म्हणाल्या. "तुला ठाऊकच आहे. दारात उभी करून बोलली मला."

"हो, काकू," मी म्हटलं. "आईचं चुकलंच."

तिकडे काकू रडत होत्या असं वाटलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी तिला माफ केलं म्हणून सांग तिच्या फोटोला."

मी म्हटलं, "सांगतो."